तळ गेलेल्या बादलीची साक्ष

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी बादली. पाणी धरून ठेवणं हे बादलीचं काम, आणि ते मला कित्येक वर्षांत जमलेलं नाही. तेव्हा माझी परीक्षा घेतलीत तर मी नापासच होईन. सध्या माझ्या पोटात कपडे वाळत घालायचे चिमटे असतात. कडी अडकवायला मला दोन कान आहेत, त्यातला डावा थोडा वाकडा. आयुष्यात मी जे ऐकलं ते या दोन कानांनी, आणि जे पाहिलं ते जमिनीवर बसून, खालून वर. खालून पाहणाऱ्याला माणसांचे चेहरे फार नीट दिसतात. बादलीकडे बघताना कुणी आपला चेहरा सांभाळत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्रा कापला, वाकवला, शिवण दाबली, तळ बसवला आणि मला वितळलेल्या जस्तात बुडवून काढलं. बाहेर आले तेव्हा अंगभर गोठलेल्या फुलांसारखी नक्षी उमटली होती. मग एका म्हाताऱ्या तपासनिसानं मला काठोकाठ भरून उंच धरलं आणि चष्म्यावरून माझ्या तळाकडे टक लावून पाहिलं. "एक थेंब नाही," तो म्हणाला आणि मला पुढे सरकवलं. मला मिळालेली ती पहिली शाबासकी.

दुकानात आम्ही अकरा बहिणी एकमेकींच्या पोटात बसून होतो. एके दिवशी एक तरुण जोडपं आलं. त्यांना घर बांधायचं होतं. तो पंप दुरुस्त करायचा, ती शाळेच्या ग्रंथालयात फाटक्या पुस्तकांना शिवून नवी पाठ लावायची. त्यानं मला उचललं, बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि कान लावला.

"हिचा आवाज ऐक. खणखणीत आहे."

"आवाजात काय पाणी भरायचंय?" असं म्हणत तिनं मला त्याच्या हातून घेतलं, उलटं केलं आणि तळावरून बोट फिरवलं. शिवणीपाशी बोट जरा थांबलं. "घ्या," ती म्हणाली.

मित्रांनो, एवढी एक गोष्ट लक्षात ठेवा. त्यानं माझा आवाज ऐकला, तिनं माझा तळ बघितला. पुढे जे घडलं ते सगळं यातच होतं. मला मात्र ते कळायला फार वर्षं लागली.

नव्या भिंतीला रोज पाणी पाजावं लागतं, नाहीतर सिमेंट कच्चं राहतं आणि भिंतीला चिरा पडतात. कामावर जायच्या आधी आणि परत आल्यावर तो मला घेऊन प्लॉटवर यायचा. टाकीत बुडवायचा, भिंतीवर ओतायचा, पुन्हा बुडवायचा. हाताला फोड आले तरी थांबायचा नाही. मला उचलताना त्याचं एक ठरलेलं वाक्य असे.

"चला, राणीसरकार."

लोखंडी बादलीला राणीसरकार म्हणणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्या दोन शब्दांवर मी तीन भिंतींचं पाणी जास्त वाहिलं असेल.

वरची खोली त्यांनी शेवटी बांधली. तिची फरशी घाईत बसवली आणि उतार चुकला. पाणी गॅलरीकडे जायला हवं होतं. तिनं माझ्यातलं तांब्याभर पाणी खोलीच्या मध्यावर ओतून बघितलं. पाण्यानं जरासा विचार केला आणि ते दाराकडे निघालं. उंबरा त्या खोलीला नव्हताच. पाणी थेट जिन्यावर गेलं आणि एकेक पायरी उतरू लागलं.

"जाऊ दे," तो म्हणाला, "पाण्यालाही खाली जेवायला जायचंय."

ती इतकी हसली की तिला पायरीवर बसावं लागलं. बसली ती नेमकी ओल्या पायरीवर, आणि मग तो हसला. उतार तसाच राहिला. पुढे त्यांना मुलगी झाली. ती एका जागी ठरत नसे, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणू लागले. तिच्या गोट्या वरच्या खोलीत कुठेही ठेवल्या तरी दाराकडे घरंगळायच्या आणि अकरा पायऱ्या टक टक करत खाली जायच्या. भिंगरीची पहिली आंघोळ माझ्यात झाली. ती अख्खी माझ्यात मावायची आणि काठावर हनुवटी टेकून बसायची. माझ्या आयुष्यात मी सोनं धरलं असेल तर ते तेव्हा.

भिंगरी शाळेत जायला लागली त्या सुमारास वरच्या खोलीचं छत गळायला लागलं. गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली एक चीर पडली होती. तो महिन्यातले वीस दिवस गावोगाव पंप दुरुस्त करत फिरायचा. दुसऱ्यांच्या घरी पाणी चढवणारा माणूस, स्वतःच्या छताचं म्हणाल तर, "नंतर बघू." तिनं मला त्या गळतीखाली ठेवलं. मी रात्रंदिवस टप टप झेलत राहिले. पंधरा दिवस तिनं वाट पाहिली. मग एका सुट्टीच्या दिवशी तिनं ओळखीच्या गवंड्याला विचारून सगळं समजून घेतलं, पदर खोचला आणि ती गच्चीवर चढली. माझ्यातून वाळू नेली, घमेल्यात माल कालवला, चीर छिन्नीनं रुंद केली आणि बोटांनी ठासून भरली. पुस्तकाची पाठ लावावी तशी. दुसऱ्या दिवशी टाकीभोवती पाणी तुंबवून ठेवलं आणि खाली येऊन माझ्यापाशी बसली. एक तास, दोन तास. माझा तळ कोरडा. तिनं माझ्या काठावर थोपटलं.

तेव्हापासून त्या छतातून एक थेंबही पडला नाही. छतावर पिवळट डाग तेवढा उरला. भिंगरीला त्यात अंड्यांवर बसलेली कोंबडी दिसायची. रंग नंतर देऊ, असं तो म्हणाला. त्या घरात 'नंतर' हा शब्द रंगापेक्षा जास्त टिकला.

मित्रांनो, मोठ्या माणसांचं बिनसतं ते एका दिवसात बिनसत नाही. कुणाचं किती चुकलं हे सांगायला मी कोण? मी एवढंच सांगते, की त्या घरात आधी हसणं कमी झालं, मग भांडण वाढलं आणि मग भांडणही कमी झालं. ते सगळ्यात वाईट होतं. मधल्या काळातल्या एका संध्याकाळी तिनं त्याला गच्चीवरून बादली तेवढी खाली आणायला सांगितलं. एवढंच. पण त्या दिवशी त्याला तेवढंही जड झालं.

"सारखं हे आण, ते आण! घे तुझी बादली!"

वरच्या पायरीवरून मी सुटले. अकरा पायऱ्या. डावा कान तेव्हाच वाकला. तळाची शिवण उसवली. तो चप्पल घालून बाहेर पडला आणि दोन दिवसांनी आला. तोवर ती मला पिशवीत घालून पत्र्याची डबडी झाळून फटी बुजवणाऱ्या कारागिराकडे घेऊन गेली होती. "बाई, एवढ्यात नवी येईल," तो म्हणाला. ती म्हणाली, "माहीत आहे. हीच झाळून द्या."

ती झाळ दोन वर्षं टिकली. मग केसाएवढी फट पुन्हा उघडली. भरलं तर अर्ध्या सकाळीत सगळं पाणी गुपचूप निघून जायचं. तिनं मला उलटं करून बघितलं आणि सुस्कारा सोडला. "झालं गं बाई. आता तू निवृत्त." भिंगरीलाही तिनं बजावलं, "हिचा तळ गेलाय हं, पाणी भरू नकोस." मग माझ्यात चिमटे आले आणि मी गॅलरीत बसले.

त्याला हे कुणी सांगितलं नाही. लपवलं असं नाही. त्यानं कधी विचारलं नाही. त्या घरात तो पाणी वापरायचा, भरायचा नाही.

नऊ वर्षं अशी गेली. भिंगरी नोकरीला लागली, वेगळी राहू लागली. आणि एके दिवशी आई दोन बॅगा आणि पुस्तकं शिवायच्या सुया घेऊन घराबाहेर पडली. घटस्फोट म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक असेल, नसेल तर कळायची घाई करू नका. घर दोघांच्या नावावर होतं. ते बाबांनी ठेवायचं आणि किमतीच्या निम्मे पैसे आईला द्यायचे, असं ठरलं. किंमत ठरवायला दोन्ही वकिलांनी मिळून एक माणूस नेमला. अशा माणसाला व्हॅल्युअर म्हणतात. तो घर बघतो, मोजतो, ठोकतो आणि आकडा लिहून देतो.

आई तेव्हा एका भाड्याच्या खोलीत राहत होती. तिथे चार बिऱ्हाडांत एक नळ होता. भिंगरी दर रविवारी बाबांकडे यायची. त्यांनी धुतलेले कपडे निम्मे ओले, निम्मे चुरगळलेले असायचे, ती ते गॅलरीत नीट वाळत घालायची. व्हॅल्युअर यायच्या आधीच्या रविवारी ती माझ्यातून एकेक चिमटा उचलत होती आणि बाबा दारात चहा पीत उभे होते.

"बाबा, आईनं एक जागा बघितलीय. दोनच खोल्या आहेत, पण स्वतःचा नळ आहे. खिडकीत पुस्तकं शिवायला उजेड आहे."

"अरे वा."

"निम्मे पैसे नीट मिळाले तर जेमतेम जमतंय. जरा कमी पडले तरी हातची जाईल. मालक महिनाअखेरपर्यंतच थांबणार आहे. तिनं सांगू नको म्हटलं होतं तुम्हाला."

"का? मी काय परका झालो?" बाबा हसले. "व्हॅल्युअर जो आकडा लिहील, त्याचे निम्मे. एक पैसा कमी नाही. शब्द आहे माझा, भिंगरे."

भिंगरीनं चिमटा दोरीला लावला आणि त्यांच्याकडे बघून हसली. त्या हसण्यात किती हायसं वाटणं होतं ते मी खालून पाहिलं. मलाही हायसं वाटलं. आपला माणूस अजून आहे, असं वाटलं.

व्हॅल्युअर यायच्या दिवशी सकाळी आठ वाजता बाबा गॅलरीत आले. खाली न्हाणीघरात दोन निळ्या प्लास्टिकच्या बादल्या होत्या. त्या सोडून ते माझ्यापाशी वाकले. चिमटे कोपऱ्यात ओतले. मला उचललं आणि पुटपुटले,

"चला, राणीसरकार. एक काम आहे."

काय सांगू मित्रांनो! कितीतरी वर्षांनी ते शब्द. मी विचारलंही नाही, काम कसलं. त्यांनी मला खाली नळाखाली धरलं, अर्धं भरलं आणि अकरा पायऱ्या चढून वरच्या खोलीत आणलं. नऊ वर्षांनी माझ्या पोटात पाणी होतं. त्यांनी मला बरोबर कोंबडीच्या डागाखाली ठेवलं. दोन पावलं मागे जाऊन बघितलं. परत आले, मला वीतभर डावीकडे सरकवलं. फोटो काढायच्या आधी एखाद्याला नीट बसवावं तसं. मग ते शीळ घालत दाढी करायला गेले.

मी वाट बघत बसले. वरून थेंब पडणार, मी झेलणार. थेंब काही पडेना. छत कोरडं होतं. ते कोरडं आहे हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि मग हळूहळू माझ्या ध्यानात आलं. नव्या निळ्या बादलीनं हे काम झालं नसतं. बादली जुनी, गंजकी असली की गळतीही जुनी वाटते. गळकं छत म्हणजे मोठा खर्च, म्हणजे घराची किंमत कमी. किंमत कमी म्हणजे आईचे पैसे कमी. आणि दोन खोल्या, नळ, खिडकीतला उजेड, सगळं हातचं गेलं. आकड्याचे निम्मे देईन, असा शब्द त्यांनी दिला होता. तो शब्द ते पाळणारच होते. आकडाच आधी खाली आणायचा होता, एवढंच.

आणि हे त्यांनी मला करायला लावलं. जिच्यातून तिनं त्या छतासाठी वाळू वाहिली, तिलाच.

त्यांनी मला जिन्यावरून फेकलं होतं तेव्हा मला इतकं लागलं नव्हतं.

तुम्हाला वाटेल, मग मी मुद्दाम गळले. तसं नाही. पत्र्याला मुद्दाम काही करता येत नाही. फट केसाएवढी होती, आणि पाण्याला तेवढी पुरते.

दहाच्या सुमारास खाली बेल वाजली. नुकत्याच आलेल्या भिंगरीनं दार उघडलं. बाहेर आई होती.

"बेल काय वाजवतेस? किल्ली आहे ना तुझ्याकडे?"

"आहे गं. पण आज नको."

पाठोपाठ व्हॅल्युअर आले. आवाजावरून जाडे वाटले, आणि दम लागलेले. बाबांनी लगेच घाई केली.

"या, या. आधी वरच चला. खरा प्रश्न वरच्या छताचा आहे, सारखं गळतं."

"गळतं?" आई म्हणाली.

"या आता इथे राहत नाहीत," बाबा व्हॅल्युअरना म्हणाले. "यांना वरचं काही माहीत नाही."

सव्वीस वर्षं जिला 'अगं' म्हटलं, तिला 'या'.

"वर शेवटी," व्हॅल्युअर म्हणाले. "घर ज्या क्रमानं बांधलं, त्याच क्रमानं मी बघतो. आधी पाया, मग भिंती, मग छत. चाळीस वर्षांची सवय आहे. शिवाय गुडघे असे आहेत, की जिना एकदाच चढणार आणि एकदाच उतरणार."

"पण पाणी..."

"पाणी कुठे पळून जात नाही साहेब."

ते खाली फिरत राहिले. जोत्याभोवती गेले, मागच्या अंगणात गेले, भिंतींवर पेरानं टकटक केली. वर मी थेंबाथेंबानं रिकामी होत होते. माझ्याखालची ओल आधी बशीएवढी झाली, मग ताटाएवढी, आणि मग तिला जुनी वाट सापडली. पाणी दाराकडे निघालं.

"भिंती छान आहेत हो," खालून व्हॅल्युअरचा आवाज आला. "सव्वीस वर्षांत एक चीर नाही. बांधताना कुणीतरी मनापासून पाणी पाजलंय."

मग बाबा म्हणाले, "मी पाजलं. सकाळ-संध्याकाळ."

त्यांच्या वकिलानं ऐकलं असतं तर कपाळावर हात मारून घेतला असता, कारण त्या एका वाक्यानं घराची किंमत वाढत होती. पण त्यांना राहवलं नाही. तो आवाज माझ्या ओळखीचा होता, प्लॉटवरचा. क्षणभर मला वाटलं, आता ते म्हणतील, वर काही नाही, जाऊ द्या. मी फार आशेनं ऐकत होते. ते म्हणाले, "वर मात्र सगळी वाट लागलीय."

मग जिन्यात पावलं वाजली आणि दुसऱ्या पायरीवर थांबली.

"जिना आत्ता कुणी पुसला का?"

"नाही," भिंगरी म्हणाली.

"ओला आहे. वरून येतंय." व्हॅल्युअर दम घेत म्हणाले. "तुम्ही छत गळतं म्हणालात. इथे तर जिनाच गळतोय."

कुणी हसलं नाही. चौघं वर आले आणि माझ्याभोवती उभे राहिले. मी चारही चेहरे खालून पाहिले. माझ्यात बोटभर पाणी उरलं होतं. माझ्यापासून दारापर्यंत एक चकचकीत रेघ गेली होती.

व्हॅल्युअरनी स्टूल मागवलं, हाशहुश करत चढले आणि कोंबडीच्या डागाला ओल मोजायचं एक छोटं यंत्र टेकवलं.

"कोरडं. खडखडीत." ते उतरले. "पंधरा दिवसांत पाऊस नाही. वरची टाकी गळत असती तर ओल दिसली असती. मग ही बादली भरली कशानं?"

"सकाळी अर्धी भरली होती," बाबा म्हणाले.

"तेच विचारतोय. कशानं?"

बाबांना हवं तर खूप काही सांगता आलं असतं, नळाचं, टाकीचं, पाइपचं. सारा जन्म त्यांनी पाण्यातच काढला होता. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

व्हॅल्युअरनी मला उचललं. माझ्या तळातून एक थेंब फरशीवर पडला. मग दुसरा.

"तिचा तळ गेलाय," आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. ती बाबांकडे बघत होती, आणि खरंच नवल वाटल्यासारखं तिनं विचारलं, "तुम्हाला माहीत नव्हतं?"

बाबांची नजर माझ्या वाकड्या कानावर गेली.

"जिन्यावरून पडली ना, तेव्हापासून," ती म्हणाली. पडली, असं म्हणाली. इतक्या वर्षांनंतरही ती 'पडली'च म्हणाली.

भिंगरी गॅलरीच्या दाराशी उभी होती. कोपऱ्यातला चिमट्यांचा ढीग तिनं तेव्हाच पाहिला. खाली वाकली, एक चिमटा उचलला, त्याचं तोंड उघडलं, मिटलं.

"बाबा, त्या दोन खोल्यांचं मी तुम्हाला सांगितलं होतं."

"भिंगरे, ऐक तरी. वकील म्हणाला, सगळेच जण थोडंफार..."

"आईनं सांगू नको म्हटलं होतं. तरी मी सांगितलं."

आईनं सवयीनं इकडेतिकडे बघितलं, दारामागचं फडकं ओढलं आणि पुसायला वाकली. भिंगरीनं ते तिच्या हातून काढून घेतलं.

"तू नाही." तिनं फडकं बाबांपुढे धरलं. "बाबा, जिना पुसा. कुणीतरी घसरेल."

बाबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं. मग फडकं घेतलं. अकरा पायऱ्या त्यांनी वरून खाली, एकेक करून पुसल्या. सगळे वर उभे राहून वाट बघत होते. पिळलेल्या फडक्यातून पाणी पडल्याचा आवाज येत होता, बाकी काही नाही.

व्हॅल्युअरनी फाईल उघडली आणि मोठ्यानं म्हणत लिहिलं, "छत सुस्थितीत. गळती नाही. डाग जुना." मग त्यांनी मान वर केली. "टाकीखालची दुरुस्ती मी गच्चीवर जाऊन बघणार आहेच, पण कुणाकडून करून घेतलीत? डागावरून काम चांगलं दिसतंय."

"मी केली," आई म्हणाली.

"तुम्ही? स्वतः?"

"गवंड्याला विचारून केली. बोटांनी भरली."

त्यांनी तेही लिहिलं. आई पायाच्या चवड्यांवर उभी राहून, ते काय लिहितात हे बघत होती. तिनं केलेलं काम त्या घरात पहिल्यांदाच कुठेतरी लिहिलं जात होतं.

निघताना भिंगरीनं माझ्याकडे बोट करून विचारलं, "ही कुणाच्या वाटणीत?"

"सामानाशी माझा संबंध नाही," व्हॅल्युअर जिना उतरत म्हणाले. "जे हलत नाही, तेवढ्याचीच मी किंमत करतो."

मग आईनं चिमटे माझ्यात भरले, मला उचललं आणि आम्ही त्या घरातून निघालो. बाबा खालच्या पायरीवर ओलं फडकं घेऊन उभे होते. त्यांनी हात पुढे केला नाही. मीही वळून बघितलं नाही. खरं तर बादलीला वळता येत नाही, पण आलं असतं तरी.

आईला निम्मे पैसे मिळाले, नीट. दोन खोल्या, स्वतःचा नळ, उजेडाची खिडकी. त्या खिडकीत बसून तिनं चार वर्षं लोकांची फाटकी पुस्तकं शिवली. माझा तळ मात्र तिनं पुन्हा झाळून घेतला नाही. भिंगरीनं एकदा कारण विचारलं, तर म्हणाली, "नको गं. त्या एका दिवशी तिनं जे केलं, ते धड असती तर जमलं असतं का?" आई गेली तेव्हा दोरीवर तिचे दोन कपडे वाळत होते. ते भिंगरीनं काढले, चिमटे माझ्यात टाकले आणि माझ्या काठावर हनुवटी टेकून बसून राहिली. पूर्वीसारखी ती माझ्यात मावत नव्हती. मावली असती तर मी धरून ठेवलं असतं.

आता मी भिंगरीच्या गॅलरीत असते. गेल्या महिन्यात बाबा तिच्याकडे आले. फार दिवसांनी, आणि फार थकलेले. ती चहा करायला आत गेली तेव्हा त्यांनी मला पाहिलं. खाली बसले. पेरानं टकटक केलं आणि कान लावला. माझा आवाज आता खणखणीत नाही. मी वाट बघत होते, ते आता ते दोन शब्द म्हणतात की काय. म्हणाले नाहीत. बरं झालं.

मग त्यांनी मला उलटं केलं. सगळे चिमटे खडखडत फरशीवर सांडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी माझा तळ बघितला. शिवणीवरून बोट फिरवत नेलं आणि फटीपाशी थांबले. दुकानात आईचं बोट थांबलं होतं, तिथेच. बराच वेळ ते बोट तिथून हललं नाही.

भिंगरी चहा घेऊन दारात आली.

"झाळून आणू का गं?" त्यांनी विचारलं.

"नको, बाबा." ती म्हणाली. "चिमटे भरा परत."

ते खाली बसून एकेक चिमटा उचलत राहिले. मी त्यांना माफ केलं का? मित्रांनो, खरं सांगायचं तर नाही. चिमटे मात्र मी घेतले. तेवढं मला अजून जमतं.

तुमच्या घरातही माझ्यासारखं कुणीतरी असेल, कोपऱ्यात, गंजलेलं. त्याचा आवाज ऐका, अवश्य ऐका. पण एकदा उलटं करून तळही बघा. कुठे दुखावलंय, कुणी जपलंय, किती दिवस ते गप्प बसून आहे, ते सगळं तिथे असतं. फुटलेलं काम देत नाही असं नाही. मी तेरा वर्षं चिमटे सांभाळतेय. फक्त ज्यानं तुमच्या भिंतींना पाणी पाजलं, त्याला लाडाच्या नावानं हाक मारून खोटं बोलायला उभं करू नका. ते पाणी कुठे ना कुठे वाट शोधतं. आमच्या घरात तर जिन्याकडे उतार होता.